कंपनीनं लावलेली पेस्ट

हारिका : का नको पुसू?

वेणू : अगं, कंपनीनंच पेस्ट लावून दिलीय पंख्याला. प्रोसेसरवर ठेवायचा, चार स्क्रू आवळायचे, संपलं. रेणुका अक्का कम्प्युटर न्यायला घरून निघाल्यात.

हारिका : अन्ना, कंपनीची पेस्ट पुसून आपली लावायची, हे मला शिकवलं कुणी?

वेणू : मीच.

हारिका : शाळा सोडून इथं आले त्याच दिवशी. "गोदामात पडून सुकलेली असते, प्रोसेसर तापतो, शिव्या आपण खातो." कुणाचं वाक्य?

वेणू : माझंच गं बाई. पण आज राहू दे. आणि तू जनगावला लग्नात होतीस ना? एवढ्यात कशी उगवलीस सिकंदराबादेत?

हारिका : तिसऱ्या आत्यानं विचारलं, शाळा का सोडलीस. उठले, बस धरली. स्पिरिट कुठंय?

वेणू : संपलंय.

हारिका : मग या बाटलीत काय, ताडी?

वेणू : हारिका, ऐक जरा...

हारिका : थांब. ही पेस्ट बघ.

वेणू : काय बघू? राखाडी आहे.

हारिका : कंपनीच्या तीन सरळ रेघा असतात, आखल्यासारख्या. ही तर डोशावर चटणी फासल्यासारखी फासलीय. इथं बोट फिरल्याचं दिसतंय.

वेणू : पद्धती बदलतात कंपनीच्या.

हारिका : आता बोटानं लावतात?

वेणू : पुसू नको म्हणतोय ना!

हारिका : पुसली.

वेणू : दे इकडं तो पंखा.

हारिका : अन्ना, हा ओरखडा माझा आहे.

वेणू : कसला ओरखडा?

हारिका : हा, पंख्याच्या तांब्याच्या तळावरचा, तिरका. झेरॉक्सवाल्या सत्तम्मांचा कम्प्युटर साफ करताना माझा स्क्रूड्रायव्हर निसटला होता. तू म्हणालास, पंखा गेला. त्यांना नवीन घ्यायला लावलास. माझ्यामुळं गेला म्हणून दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

वेणू : जुनी गोष्ट आहे.

हारिका : गेलेला पंखा नव्या खोक्यात कसा आला?

वेणू : फिरतोय ना? मस्त फिरतोय. टाकून देऊ?

हारिका : जुना म्हणून विक.

वेणू : जुना म्हटलं की या बाजारात कुणी हात लावत नाही.

हारिका : म्हणून नवं खोकं, नवं प्लास्टिक आणि बोटानं पेस्ट! दुसरं कुणी पुसत नाही, मी पुसते, म्हणून मला लग्नाला धाडलंस. स्वतः बसपर्यंत आलास. खिडकीतून तिखटमीठ लावलेले पेरू दिलेस. मला वाटलं, सख्ख्या भावानंसुद्धा दिले नसते.

वेणू : पेरू मनापासून दिले होते गं.

हारिका : गप्प बस! फळीवर अजून तीन खोकी आहेत. उघडू?

वेणू : नको.

हारिका : तिन्ही?

वेणू : दोन. एक खरंच नवीन आहे.

हारिका : वा! सोमवारी पाटी लागणार, "वेणू-हारिका कम्प्युटर्स". आईचं गल्लीभर सांगून झालंय. त्या पाटीखाली मी हे विकू?

वेणू : मग हा गाळा काय फुकट मिळाला? तुझं नाव लागावं म्हणूनच केलं सगळं.

हारिका : माझ्या नावावर ढकलू नकोस. मला विचारलं असतंस तर फूटपाथवर चटई टाकून बसले असते.

वेणू : बोलायला काय जातं!

हारिका : हे बघ. अक्का आल्या की तू सांगायचं, तुझ्या तोंडानं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, आईची शपथ. खरं सांगितलंस तर सोमवारी पाटी लागेल. नाहीतर माझं नाव तूच खरवडून काढ.

वेणू : सांगतो.

हारिका : माझ्याकडे बघून बोल.

वेणू : सांगतो म्हटलं ना!

रेणुका अक्का : झालं का रे पोरांनो? तीन जिने चढून जीव गेला माझा. पोरगी सकाळपासून टेबल रिकामं करून बसलीय, कम्प्युटर येणार म्हणून.

वेणू : बसा अक्का. जरा गडबड झालीय. पंख्याची.

रेणुका अक्का : म्हणजे रे?

वेणू : म्हणजे... नवाकोरा होता, अक्का. हिच्या हातून खराब झाला. उद्या दुसरा बसवून देतो.

(हारिका हातातल्या कापडाची घडी घालते. मग परत घालते.)

रेणुका अक्का : एवढंच ना? असू दे गं पोरी, शिकताना होतं असं. वेणू, तिला रागावू नकोस हं.