हेडरबंदीची तारीख

अध्यक्ष सुहासराव, माधुरीताई, आणि व्लादोंच्या ओढीने येथे जमलेल्या सुहृदांनो,

व्लादो गेल्या मंगळवारी गेले. त्यांच्याविषयी भूतकाळात बोलण्याची सवय जिभेला अजून झालेली नाही. मला भीती वाटते आहे. ती कशाची, तेच सांगायला मी उभा आहे.

आधी सुहासरावांच्या भाषणातील दोन चुका दुरुस्त करतो. सुहासराव, रागावू नका. आपण म्हणालात की व्लादो युद्धातून जीव वाचवून इंग्लंडात आले. तसे घडलेले नाही. क्रोएशियात युद्ध सुरू झाले, त्याच्या सहा वर्षे आधीच ते रीतसर करार करून तिथल्या स्प्लिट शहरातून आले होते. साउथहॅम्प्टनजवळच्या एका लहान फुटबॉल संघात ते बचावपटू होते. चार हंगाम खेळले. उंचावरून आलेला प्रत्येक चेंडू कपाळाने परतवायचा, म्हणजे हेडर मारायचा, हे त्यांचे काम. सामन्यात परतवायचा आणि सरावात तर शेकड्यांनी परतवायचा. मग गुडघा गेला. तेथील रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असलेल्या आपल्या माधुरीताईंनी त्यांना पुन्हा चालायला शिकवले, आणि पुढे त्यांच्याशी लग्न केले. त्यानंतर व्लादो प्रशिक्षक झाले. दोन-तीन संघ झाले, आणि शेवटी मिल्टन कीन्समध्ये आपल्या मराठी मंडळाच्या मुलांचा रविवारचा संघ त्यांनी उभा केला.

मराठी ते माधुरीताईंकडून शिकले. मैदानावर ओरडायचे, "चेंडू आली, चेंडू आली!" मी एकदा राहवेना म्हणून म्हणालो, "व्लादो, चेंडू आला." ते म्हणाले, "डॉक्टर, आला की आली ते तुम्ही बघा. मुलगा पाय लावतो की नाही, ते मी बघतो." त्यानंतर ती चूक मी कधी दुरुस्त केली नाही. मी सहसा चूक सोडत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आता दुसरी चूक. ती गंभीर आहे.

सुहासराव, आपण म्हणालात, "आजारपणात बिचारे फार घाबरट झाले होते. मुलांना साधा हेडरसुद्धा मारू देत नव्हते." सभागृहात काही माना हलल्या. त्या मी पाहिल्या. येत्या रविवारी समितीपुढे ठराव आहे, की बारा वर्षांखालील मुलांवरची हेडरबंदी उठवावी. कारण काय? ती एका आजारी माणसाची कल्पना होती. मंडळी, हा क्रम उलटा आहे. बंदी आधी आली. आजार नंतर आला.

बंदी आणली त्या उन्हाळ्यात व्लादो स्प्लिटला गेले होते. बचावफळीत वर्षानुवर्षे त्यांच्या शेजारी खेळलेल्या मित्राच्या घरी जेवायला गेले. परत आल्यावर त्यांनी मला सांगितले, "डॉक्टर, त्याने स्वतः मासे भाजले. मला वाढले. आणि तीनदा विचारले, तुम्ही कोण?" पुढच्याच रविवारी त्यांनी मुलांना गोल करून बसवले आणि सांगितले, "आजपासून बॉल खाली. डोके शाळेसाठी."

पालक चिडले. आपण दोन सामने कॉर्नरवरून उंच आलेल्या चेंडूंमुळे हरलो, तेव्हा अधिकच चिडले. समितीने माझे मत मागितले. मी आयुष्यभर रुग्णांना भूल दिली. मेंदू हा माझा विषय नव्हे. तरीही मी मत दिले. म्हणालो, "पुरावा नाही. आताचे चेंडू हलके असतात. व्लादो अति काळजी करतात." व्लादोंनी ते ऐकले आणि एवढेच म्हणाले, "मग दुसरा कोच शोधा." दुसरा कोच मिळाला नाही. केवळ म्हणून बंदी टिकली.

पुढे दोन वर्षांनी मला त्यांचा फोन आला. "डॉक्टर, मी कुठे आहे?" मी म्हटले, "आजूबाजूला काय दिसते?" म्हणाले, "राउंडअबाउट." मी विचारले, "कोणता?" म्हणाले, "गोल." मी पोट धरून हसलो. या गावात असे वर्तुळाकार चौक पावलोपावली आहेत, नवा माणूस हमखास चुकतो; प्रत्येक वळण आधीच्या वळणासारखे. पण व्लादो नवे होते का? सात वर्षे ते त्याच रस्त्याने मैदानावर येत होते. तो किस्सा मी दिवाळीच्या कार्यक्रमात येथेच, याच व्यासपीठावरून सांगितला. आपणही हसलात. व्लादोही हसले. माधुरीताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना माहीत होते. मी डॉक्टर असून मला कळले नाही.

हेडरमुळेच हा स्मृतिभ्रंशाचा आजार झाला, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. कोणी सांगत असेल, तर पुरावा मागा. पण हेडरमुळे काही होत नाही, असेही मी आता सांगू शकत नाही. एकदा सांगून बसलो आहे. त्या मताचा कागद समितीच्या दप्तरात आहे, आणि रविवारी तो कोणीतरी वाचून दाखवील. मला भीती वाटते ती त्याची.

माझी नात ईशा दहा वर्षांची आहे. बचावात खेळते. परवा गाडीत मला म्हणाली, "आजोबा, व्लादोकाका आता नाहीत, सो रूल पण नाही का?" मी म्हणालो, "आहे." ती म्हणाली, "पण सुहासकाका म्हणाले, संडेला जाणार." मंडळी, रविवारी तिला काय सांगू?

माझे ते मत मी येथे, आपणा सर्वांसमक्ष मागे घेतो. आता तारखा सांगतो. माधुरीताईंच्या डायरीशी ताडून पाहिलेल्या आहेत. इतिवृत्तात तशाच लिहाव्यात.

व्लादो इंग्लंडात आले: एकोणीसशे पंच्याऐंशी. युद्धाच्या काळात नव्हे.

शेवटचा सामना: एकोणनव्वद.

मिल्टन कीन्स: अठ्ठ्याण्णव.

हेडरबंदी: दोन हजार तीन, ऑगस्ट, गणपतीच्या आधीचा रविवार. त्या दिवशी त्यांना संघातल्या प्रत्येक मुलाचे नाव, आणि प्रत्येकाच्या आईचेही नाव, पाठ होते.

राउंडअबाउटवरचा फोन: दोन हजार पाच, ऑक्टोबर.

निदान: दोन हजार सहा, एप्रिल.

संघ सोडला: त्याच वर्षी, जूनमध्ये. त्यांना कोणी काढले नाही. शिट्टी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली.

निधन: दोन हजार नऊ, गेला मंगळवार. आपण बुधवार म्हणालात; ही तिसरी चूक.

समितीची बैठक: येता रविवार, सकाळी दहा. सूचनापत्रात अकरा छापले आहे. ते चूक आहे. मी ईशाला घेऊन पावणेदहालाच येणार आहे.

आता आपण सर्व जण उभे राहू या.