मर्जी बाळाबाईची

सोलापुरातल्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत भार्गवी आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर मंगळवेढ्याकडची बाळाबाई आणि तिचा धाकटा भाऊ धुळा बसले होते. म्हातारी मृत्युपत्र नोंदवायला आली होती. भार्गवीचं लक्ष हातातल्या मोबाइलवर राहीना.

"अक्का, अजून इचार कर. जमीन सुनंच्या नावानं कोण करतं का?"

"मी करतीया की."

"बापूसाहेब तुज्या पोटचा हाय."

"व्हय. पुण्यात दुसरी बायकू केली आन सोनमला माज्या दारात टाकून गेला."

"उद्या सोनमबी दुसरं लगीन करंल!"

"करू दे की. मोकळ्या हातानं जाणार न्हाय."

"भावकी काय म्हणंल?"

"मेंढरामागं फिरून मी जमीन घेतली, तवा भावकी कुटं हुती?"

तेवढ्यात बाळाबाईचं नाव पुकारलं. दोघं साहेबांच्या टेबलापाशी गेली. भार्गवीनं तिकडेच कान लावले.

"आजी, स्वतःच्या मर्जीनं करताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

"हाय की, सायेब. ह्यो भाऊ सकाळधरनं दाबतोय. पर मी दबले न्हाय. आन माजा साक्षीदारबी त्योच हाय."