मूसची हाक आणि हवेतले दोन बार

मी, रेनाल्ड आर्सेन तेरियो, वय २३, शिक्षण नववी, काम बटाट्याच्या गोदामात निवडणीचे, राहणार सोली ब्रूक, मेन राज्य, स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून, पुढीलप्रमाणे सांगतो.

माझे काका ओनेझिम तेरियो, वय ७१, यांच्यावर तक्रार आहे की, त्यांचा परवाना मूस या घोड्याहून उंच हरणाच्या नराचा असताना त्यांनी मादीवर गोळ्या झाडल्या. त्यांची रायफल आणि परवाना ठाण्यात जमा आहे. तक्रार खरी ठरली तर त्यांना पुन्हा शिकार करता येणार नाही. हंगाम शनिवारी संपतो. परवान्याच्या सोडतीत काकांचे नाव यंदा पहिल्यांदाच निघाले. मी शाळेत जाण्याआधीपासून ते नाव घालत होते.

सोमवारी उजाडताना आम्ही दलदलीच्या तळ्यावर होतो. काका मागे झाडाखाली रायफल घेऊन बसले. मी पुढे पाण्याशी होतो. भूर्जाच्या सालीच्या कर्ण्यातून माजावर आलेल्या मादीसारखी हाक घालायची आणि डब्यातले पाणी तळ्यात ओतायचे, म्हणजे नराला मादी मुततेय असे वाटते, हे काम माझ्याकडे होते. पाणी मी नीट ओतले. हाक घालताना मात्र भीतीने माझा आवाज चिरकला.

काका हळूच म्हणाले, "पोरा, ही माजावरची मादी आहे की आई हरवलेलं वासरू? पोटातून ओरड."

मी पुन्हा ओरडलो. तीही हाक वासराचीच झाली, हे मला मान्य आहे.

त्यावर झुडपातून एक मादी सरळ माझ्याकडे आली. काकांनी शिकवल्याप्रमाणे मी पालथा पडलो. ती माझ्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहिली. तिने माझी मान हुंगली, टोपी चाटली आणि ओढून काढली. काका जरा हलले की ती कान मागे पाडून पाय आपटत होती. पाय माझ्या कानाजवळ पडत होता.

काका म्हणाले, "हलू नकोस. तिला वाटतंय तू तिचा आहेस."

मी म्हणालो, "काका, तिला सांगा ना, नाही म्हणून."

"तूच सांग. तुझी आई आहे."

इतक्यात तिच्यामागून नर बाहेर आला. एवढी रुंद शिंगे मी कधी पाहिली नव्हती. तो, मादी आणि मी काकांसमोर एका रेषेत होतो, त्यामुळे त्यांना नेम धरता येत नव्हता. नर डावीकडे सरकू लागला होता. अजून थोडा सरकला असता तर काकांना तो आडवा, मोकळा मिळत होता. मादीने पुन्हा पाय उचलला. काका थांबले नाहीत. त्यांनी रायफल आभाळाकडे करून दोन बार काढले. मादी उजवीकडे पळाली, नर डावीकडे.

तक्रार करणारे वेंडेल हॅस्किन्स समोरच्या काठावर होते, त्यांनी दोन बार ऐकले आणि पळणारी मादी पाहिली. ते खोटे बोलत नाहीत. त्यांना तेवढेच दिसले.

चिखलात माझ्या अंगाचा ठसा आणि त्याच्या दोन्ही अंगांना तिचे खूर उमटलेले आहेत. ते निरीक्षक कोटेबाईंनी काल पाहिले. रक्त कुठेही सापडले नाही. टोपी सोबत जमा केली आहे, ती धुतलेली नाही.

काकांनी माझे हातपाय चाचपून पाहिले. मग ते ओल्या गवतात बसून पोट धरून हसले. मी विचारले, "काका, नर गेला ना?"

ते म्हणाले, "कुठला नर? मी चष्मा पुसत होतो, मला काही दिसलंच नाही."

जबाब खरा असावा म्हणून नोंदवतो की, त्या वेळी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

शनिवारच्या आत रायफल आणि परवाना परत मिळावा, ही विनंती.

हा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला. निरीक्षकबाईंनी तो सर्वांसमोर वाचला, मध्ये दोनदा थांबून हसल्या, पण शेवटपर्यंत वाचला. तो घडल्याप्रमाणे बरोबर आहे. बाहेर बाकावर बसलेल्या काकांनी चष्म्याच्या वाक्यावर हरकत घेतली. ते वाक्य मी तसेच ठेवले आहे.

(सही) रेनाल्ड आ. तेरियो