गुढीमागची डिश

— नाही, नाही, तिला हात लावू नकोस धनंजय! स्टूलवर चढ, बाजूने हात घाल, खांदा वाकडा कर, काय वाट्टेल ते कर, पण गुढी राहू दे. आणि सर-बिर म्हणू नकोस रे, राजाभाऊ म्हण, आपण गाववाले — म्हणजे तू मालवणचा, मी पुण्याचा, पण दुबईत आलं की मालवण आणि पुणं एकाच गल्लीत. काय? गुढी सूर्यास्ताला उतरवतात? माहितीय रे मला, मुंज झालीय माझी! पाडवा होऊन पंधरवडा होत आला हेही माहितीय. पण ही गुढी देवासाठी नाही, वॉचमनसाठी उभीय. आमच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत टीव्हीची डिश चालत नाही — खालून दिसली की आधी फोटो, मग नोटीस, मग फाइन. पाडव्याला गुढी उभारली, खाली जाऊन वर बघितलं, तर काय — डिश गायब! शोभनाची पैठणी बरोब्बर पुढे. शोभना म्हणजे आमची मिसेस. वॉचमनने विचारलं, राजाभाई, ये क्या है? म्हटलं, हमारा धार्मिक है. कब तक रहेगा? म्हटलं, चलता है, लंबा चलता है. तर बिचाऱ्याने छातीवर हात ठेवला. आता येता-जाता वर बघून मान लववतो, मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

टीव्ही कधी गेला म्हणतोस? कधी गेला बरं — दुपारी श्रीखंड खाल्लं, जरा लवंडलो, संध्याकाळी लावला तर सगळ्यांच्या तोंडाचे चौकोन, आणि मग निळा पडदा, नो सिग्नल. म्हणजे पाडव्यालाच. हसतोस काय? मला वाटलं धूळ असेल. मग वाटलं ह्युमिडिटी. मग म्हटलं, वरचा सॅटेलाइटच सरकला असेल, आपण काय करणार. लोटा? लोट्याचं काय? तांब्याचाय, का? आड येतो? आणि साडीची जर पण? खरी जर आहे ती, तिच्या आईने दिलेली पैठणी. पुण्याला परत जाताना इथेच कपाटात ठेवून गेली — म्हणाली, असू दे, यायचंच आहे परत. ईश्वरीचं कॉलेज सुरू झालं तिकडे, पोरीला एकटं कसं ठेवणार? आता ईश्वरीला फोन केला की 'येस डॅड, ऑल गुड', खलास.

नाही, तसा मला टीव्हीचा काही नाद नाही. बातम्या मोबाईलवर, क्रिकेट ऑफिसात. पण आमची एक सिरियल आहे. म्हणजे तिची. म्हणजे — आमची. संध्याकाळी साडेसहा, तिकडे आठ. ती तिकडे लावते, मी इथे लावतो, फोन स्पीकरवर मधे. ती म्हणते, अहो, बघितलंत का त्या कावेरीच्या नणंदेने काय केलं! मी म्हणतो, चांगली फोडून काढली पाहिजे तिला. अर्धा तास कसा जातो कळत नाही. त्याआधी कसं होतं सांगू? जेवलात का? जेवलो. तू? जेवले. आणि? आणि काय, चाललंय. — संपलं! एवढी वर्षं लग्नाला झालेली माणसं आणि दिवसभराचं बोलणं एका जांभईत संपायचं. ठेवू का? ठेव. मग फोन ठेवून मी त्या फ्रीजकडे बघत बसायचो. नाही, तुझं चालू दे, फ्रीज ठीक आहे.

तिला सांगायचं की टीव्ही बंद पडलाय? वा रे वा! टीव्ही बंद म्हणजे सिरियल बंद, सिरियल बंद म्हणजे परत 'जेवलात का'. मोबाईलवरचं ॲप म्हणतं, तुमच्या देशात उपलब्ध नाही — अरे, माझा देश कुठला ते तू मला सांगणार? मग काय करायचं? थाप. ती म्हणते बघितलंत का, मी म्हणतो बघितलं! ती म्हणते, आजेसासू जिन्यावरून पडल्या, मी म्हणतो, अरारा, काय पडल्या! ती म्हणते, मिलिटरीतला दीर परत आला, मी म्हणतो, मिशी शोभत नाही त्याला. मिशीच नाहीये हो त्याला, म्हणाली. म्हटलं, तेच, तेच शोभत नाही. हसली, खूप हसली. रोज जीव मुठीत धरून बसतो मी. आज तर कोर्टातला निकाल आहे म्हणाली, नीट बघा, मला तुमचं मत हवंय. मत कुठून आणू? म्हणून तुला बोलावलं, शुक्रवारची सुट्टी असून.

नाहीच का येत? एवढं फिरवूनही? बरं... बरं बाबा, उतरव. वॉचमन नमाजाला गेला असेल, तेवढ्यात यल्ला, चल लवकर, उतरव. लोटा आधी. साडी जमिनीला लावू नकोस, माझ्याकडे दे, खांद्यावर टाक माझ्या. हां. आता? — आलं! आलं रे! आहे तिथेच धर, आवाज पण आला! साडेसहाच झालेत, बघ काय वेळ साधलीस —

पण ही कोण? कावेरी कुठाय? ही तर कोणी जिल्हाधिकारीण दिसतेय. चॅनल हाच ना? हाच आहे. मग आमची सिरियल? संपली? कधी संपली? तुला रे काय माहीत... तुमच्या रूमवर सगळे बघतात, बरं. पाडव्यालाच संपली. शेवट गोड झाला, आजेसासूंनी चाव्या दिल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून ही नवी.

अरे, मग जिन्यावरून कोण पडलं? आणि तो दीर? दीर नव्हताच? सिरियलीत दीरच नव्हता?

थांब, जरा बसू दे मला. म्हणजे हे सगळं तिनेच... रोज? आणि पहिल्याच दिवशी स्पीकरवर माझ्या टीव्हीचा आवाज नाही, वर मी म्हणालो ना, बघितलं, काय पडल्या! — तेव्हाच तिला कळलं असणार. माझा टीव्ही बंद आहे हे तिला पाडव्यापासून ठाऊक आहे! ठाऊक आहे, आणि तरी रोज आठला फोन करते, आणि दुपारभर बसून उद्या कोणाला जिन्यावरून पाडायचं ते ठरवत असेल. माझी बायको! जिला साधं वाणसामान काय आणायचं ते आठवत नाही!

फोन वाजला बघ. तिचाच आहे. बंद कर तो टीव्ही. बंद कर म्हणतो ना, बटण दाब! डिश? काढ ती डिश, घेऊन जा, तुझ्या रूमवर लाव. नाही, चहा वगैरे नंतर, आता निघ तू, दार ओढून घे —

हॅलो, हां शोभना. हो तर, केव्हाच लावलाय. अगदी स्वच्छ दिसतंय आज. बोल, काय निकाल लागला?