बाराच्या ठोक्याला दार वाजवू नये

...नाही, मला एक सांगा, सायकलच्या मागे ट्रेलर जोडून त्यात जेवणाचं टेबल घेऊन डोंगर चढणारी माणसं तुम्ही कधी पाहिलीत? घडीचं टेबल! घडीच्या खुर्च्या! वर इस्त्रीचा टेबलक्लॉथ! बसा, बसा, सायकली त्या भिंतीला टेकवा. पाव आत्ताच भट्टीतून निघालाय, गरम पाव आमच्याकडे विकत नाहीत, निवू दे जरा, तोवर ऐका. तुम्हीही कालव्याकाठूनच आलात ना? मग चिनारांच्या मुळांवर आपटून आपटून बसायची सोय राहिली नसेल. माझीही नव्हती राहिली. पण तुमच्याबरोबर म्हातारे नव्हते. नशीब काढलंत!

तर तुम्हाला सांगतो, मी कॉलेज सोडलं. का सोडलं ते विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालंय. घरात तर कोणी गेल्यासारखी शांतता! आणि मग एक दिवस आजोबा बातमी घेऊन आले, की डोंगरापलीकडे वाल्मोरला त्यांचा जुना दोस्त ओनेझिम बेकरीवाला आहे, त्याला शिकाऊ पोरगा हवाय. गुरुवारी बोलावलंय, बाराच्या आत, कारण जेवला की तो जो झोपतो तो मध्यरात्री भट्टी पेटवायलाच उठतो. गुरुवारी नाही आला तर शुक्रवारी दुसरा पोरगा येणार आणि तोच राहणार. मला ती नोकरी हवी होती हो! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवं होतं, पीठ, भट्टी, आणि समोर बसून भाषण देणारं कोणी नाही! मी म्हटलं, बसने जातो. तर आजोबा, "बसने? आमचा क्लब तिकडेच निघालाय. सायकल काढ, गोतिए!" गोतिए म्हणजे मी.

क्लब म्हणजे तीन डोकी. आमचे आजोबा फुल्बेर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सिदोनीबाई, ज्यांनी मला शाळेत भूगोल शिकवला आणि अजून शिकवतायत. आणि आर्मेलकाका, निवृत्त खाटीक, ज्यांच्या ट्रेलरमध्ये ते टेबल. आणि ह्या क्लबला नियम एकच. ऊन असो, पाऊस असो, चाक निखळलेलं असो, चर्चच्या घड्याळात बारा पडले की जिथे असतील तिथे टेबल उघडायचं. बारा म्हणजे बारा!

पहिल्याच दिवशी बघा, कालव्यावर बोटी वर चढवायचं ते पाण्याचं दार असतं ना, तिथे पोचलो. आत एक बोट, बोटीत जर्मन कुटुंब, पाणी अर्धं चढलेलं, आणि टण्ण! बारा! दारवाल्याने चाक फिरवायचं सोडलं, हात पुसले आणि आमच्या टेबलाशी येऊन बसला. खाली ते जर्मन, भिंतींच्या मध्ये, विहिरीत पडल्यासारखे! बाप वर बघून ओरडतोय, "हॅलो? हॅलो?" आणि आर्मेलकाका काठावरून वाकून काय म्हणतात? "मोहरीची चटणी आहे का हो तुमच्याकडे? आमची संपली!" आणि त्याने दिली हो! फळीवर उभं राहून, हात उंच करून, मोहरीची बाटली दिली!

मी म्हटलं, "काका, लोक अडकलेत." सिदोनीबाई म्हणाल्या, "कोपर खाली घे आणि तोंड मिटून चाव." जेवण झालं, चीज झालं, कॉफी झाली, मग चिनाराखाली तोंडावर टोपी ठेवून झोप. तीन म्हातारे रांगेत घोरतायत आणि मी मच्छर मोजतोय. ह्यांना काय हो, ह्यांना पेन्शन आहे! ह्यांच्या वेळी शाळा सोडून कारखान्याच्या दारात उभं राहिलं की नोकरी मिळायची, आणि हे मला सांगणार, "घाई कसली रे तरुणांना?"

कसाबसा गुरुवार उजाडला. कालवा मागे राहिला, आता डोंगर. मी अंधारातच उठून सगळ्यांच्या चाकांत हवा भरली, टेबल बांधलं, ट्रेलरला साखळी लावली, म्हटलं आजच्या दिवस पाय हलवा, माझ्या बापांनो! निघाले. पण कसे? आजोबा प्रत्येक वळणावर गायीशी बोलणार. सिदोनीबाई दगड ओळखणार, "हा ग्रॅनाइट, गोतिए, मी शिकवलं होतं तुला." आणि क्लबचा दुसरा एक न सांगितलेला नियम, सगळ्यात वयस्क माणसाच्या पुढे कोणी जायचं नाही! म्हणजे मी एकोणीस वर्षांचा, मांड्या फुरफुरतायत, आणि समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचं ढुंगण, मुंगीच्या चालीने.

खिंड दिसायला लागली. वरच्या वळणाची पाटी दिसली. आणि आर्मेलकाकांनी ब्रेक दाबला. 

"काय झालं?" 

"काही नाही. इथून खोरं छान दिसतं. सावली पण आहे."

"काका, खिंड तिथे आहे! पलीकडे नुसता उतार! मी बाराच्या आत पोचतो!"

"टेबल काढायला वेळ लागतो," आजोबा शांतपणे म्हणाले, "आत्ता थांबलो तर वेळेवर बसू. बारा म्हणजे बारा."

तुम्हाला सांगतो, माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "खा! तुमच्या पिढीने सगळं खाल्लं, नोकऱ्या खाल्ल्या, घरं खाल्ली, आता माझी बेकरीही खा! वर चीज घ्या!" आणि वयस्क बियस्क गेलं खड्ड्यात, मी आजोबांच्या पुढे निघून गेलो. मागून जेवणाचा एक काटा खाली पडल्याचा आवाज आला फक्त.

खिंड पार केली, उतारावर साखळी निसटली, बसवली, तेल तोंडाला फासलं, गावात घुसलो, ह्याच चौकात, आणि डोक्यावर टण्ण! बेकरीच्या लाकडी झडपा बंद. ह्याच झडपा. मी काय केलं? वाजवलं! अहो, ह्या देशात जन्मलेला माणूस, आणि बाराच्या ठोक्याला दार वाजवतो?

आतून आवाज, "कोणी मेलंय का?"

"नाही, मी शिकाऊ..."

"मेलं नाही ना? मग उद्या ये."

उद्या तो दुसरा येणार होता! मी परत वाजवलं, दोन्ही हातांनी. झडप उघडली. ओनेझिम, गळ्यात रुमाल, ओठाला सूप. "जेवताना दार वाजवणारा पोरगा माझ्या घरात नको. उद्याही येऊ नकोस." धाड!

मग ह्याच बाकावर बसलो. गावात कुत्रंसुद्धा जेवायला गेलेलं. पोटात कावळे, तोंडाला तेल, नोकरी गेली. रडलो असं म्हणू नका, डोळ्यात तेल गेलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे, वरून ट्रेलर खडखडला. पाहतो तर तिघं! आजोबांचं तोंड बीटासारखं, सायकल हाताने धरून उतरतायत, सिदोनीबाईंची टोपी वाकडी, आर्मेलकाकांच्या ट्रेलरमध्ये टेबल तसंच, बांधलेलं. बांधलेलं! उघडलंच नव्हतं! मी म्हटलं, "तुम्ही जेवला नाहीत?" त्यांनी बेकरीसमोर टेबल मांडलं, घेवड्यात शिजवलेल्या बदकाचं पातेलं उघडलं, आणि तो वास गेला झडपेच्या फटीतून आत.

झडप हळूच उघडली. ओनेझिमच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "फुल्बेर? तू? आत्ता? आणि अजून जेवला नाहीस? कोण मेलं?"

"कोणी नाही," आजोबा खुर्चीत कोसळत म्हणाले. "हा माझा नातू. ह्याला ठेवून घे, ओनेझिम, पाया पडतो. हा सुटा फिरत राहिला तर आम्हाला मरेपर्यंत जेवू द्यायचा नाही."

ओनेझिम मग आत गेला आणि पाव घेऊन बाहेर आला. जेवणाच्या वेळात त्या दारातून पाव बाहेर आलेला गावाने पहिल्यांदा पाहिला, सगळ्या खिडक्यांतून. माझ्यासमोर ठेवला, म्हणाला, "कोपर खाली घे." सिदोनीबाई म्हणाल्या, "ऐकत नाही, सांगून ठेवते." आजोबांनी सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला आणि तोंड फिरवलं. मी काही बोललो नाही. तोंडात घास होता हो!

तेव्हापासून मी इथेच. आजोबा दर महिन्याला येतात, कालव्यावरून, डोंगरावरून, ते टेबल घेऊन, आणि मला शिव्या घालायला बरोबर...

टण्ण! ऐकलंत? आमच्या चर्चचं घड्याळ जरा पुढे आहे, पण गाव चालतं ते त्याच्यावरच. उठा, उठा, बाकावरून उठा, झडप लावायचीय. पाव? निवला की. छान निवलाय. अहो, मला दिसतंय तुम्ही डोंगर चढून आलात, मला सगळं कळतं, माझ्याइतकं कोणाला कळणार? पण आत सूप वाढलंय, ओनेझिम चमचा घेऊन बसलाय, मी काय करू?

कोणी मेलंय का तुमच्यातलं? नाही ना?

मग चारला या.