गार हवा, पण इंजिनाला

तीन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या मित्राचं, दिगंबरचं पत्र आलं होतं. ‘माझ्यावर रागावलास का?’ एवढंच त्यानं विचारलं होतं. मी रागावलो नव्हतो, पण उत्तर जमेना आणि मग फार उशीर झाला. काल लोणावळ्याच्या पोस्टात पासबुक भरायला गेलो, तेव्हा रांगेत माझ्यापुढे आंदर मावळातले मायलेक होते. मुलाच्या हातात मोठं खोकं होतं.

“विक्या, गार हवेचं हाय म्हनतोस, मग परत का धाडतोस? उन्हाळ्यात लागंल की.”

“आई, हे गाडीला हवा वढायचं नळकांडं हाय. ती गार हवा इंजिनाला. तुला न्हाई.”

“त्याला काय उकडतंय?”

“गार हवा घेतली की गाडी घाट जोरात चढती.”

“मग बशीव की.”

“ह्याचं तोंड पार खाली, बंपरमागं येतं. पावसात आपला ओढा वलांडताना इंजिन पानी पिईल. वरच्या अंगाला बसणारं घ्याला पायजे होतं.”

“ओढा काय काल आला व्हय?”

“मागवताना ध्यानातच न्हाई आलं. मग दुकानवाल्याला सांगायची लाज वाटली. सतरा दिस खोकं खाटंखाली होतं.”

“आन काल फोन केलास तवा काय म्हनला त्यो?”

“म्हनला, द्या पाठवून, बदलून देतो.”

“बास?”

“बास.”

“आन त्यापायी सतरा दिस धड जेवला न्हाईस व्हय रं, येड्या.”

खोकं खिडकीत देऊन दोघंही हसत बाहेर पडले. खिडकीशी माझा नंबर आला, तेव्हा मी एक पोस्टकार्ड मागितलं. तिथंच उभ्यानं लिहिलं, ‘रागावलो नव्हतो. लिहायचं राहिलं. चुकलो.’ आणि पेटीत टाकलं.