गॅरेजमधली कृष्णा

हसू नका, पण इथे परदेशात, मनुरेवा उपनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये बहामनी फौज अजून कृष्णेच्या काठावर थांबलेली आहे. गाडी बाहेर पावसात भिजते.

खूळ सगळं मंदारचं. माझ्याच ऑफिसातला, पुण्याचा. युरोपातल्या चिलखती सरदारांच्या लढायांचा एक टेबलावरचा खेळ होता. २०१३ साली दर शनिवारी बसून त्याचे नियम आम्ही बहामनी-विजयनगरच्या लढाईसाठी बदलत होतो. घोड्यांच्या जोडीला हत्ती आले. बर्फाच्या जागी मंदारने पूर घातला. फाशावर एक पडला की कृष्णेला पाणी, फौज काठावरच.

मी म्हटलं, "अरे, खेळात कोण पाणी उतरायची वाट बघत बसेल?"

"तेव्हा बसायचे. आपणही बसायचं."

मग त्याला पर्थला नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी शेवटचा डाव. रायचूर माझ्याकडे, पण माझे हत्ती उधळलेले. त्याने फक्त नदी ओलांडायची होती. फासा टाकला. एक.

"सोड रे, उतर," मी म्हटलं. "जाताना जिंकून जा."

"नियम म्हणजे नियम. काही हलवू नकोस. पाणी उतरलं की येतो."

बायकोला मी तिथली धूळसुद्धा झटकू दिली नाही. मंदार फोनवर आधी तेच विचारायचा, "काय, पाणी किती?" मी म्हणायचो, "आहे अजून." हळूहळू फोन कमी झाले.

परवा दिवाळीला मीच केला. म्हटलं, "मंदार, पाणी उतरलंय रे. ये आता."

तो काळजीने म्हणाला, "अरे! तुमच्याकडे पूर आला होता?"